सहा नळ्या आणि बारा वर्षांची फाईल : कलवरी पाणबुड्यांच्या टॉर्पेडोंचे प्रकरण

३० डिसेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने दोन खरेदी करारांवर सह्या केल्या. मथळ्यात आला तो सव्वाचार लाख कार्बाइनचा. दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी दोन-तीन ओळी मिळाल्या: कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांसाठी इटलीच्या वास कंपनीकडून ४८ जड टॉर्पेडो, किंमत १,८९६ कोटी रुपये, पुरवठा एप्रिल २०२८ पासून, पूर्तता २०३० च्या सुरुवातीला.

मी त्या दोन-तीन ओळींपाशी थांबलो. याच कंपनीचा टॉर्पेडो याच पाणबुड्यांसाठी एकदा निवडला गेला होता. तेव्हा ९८ नग घ्यायचे ठरले होते आणि किंमत ३० कोटी डॉलरच्या आसपास होती. ती खरेदी २०१६ मध्ये रद्द झाली. मधल्या काळात सहाच्या सहा पाणबुड्या बांधून नौदलात दाखल झाल्या, आणि ज्या हत्यारासाठी त्या बांधल्या ते मात्र आलेच नाही. भ्रष्टाचाराला शिक्षा द्यायला हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण इथे शिक्षा नेमकी कोणाला झाली, हे तपासायलाच हवे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पाणबुडी आणि तिचा पाणतीर

टॉर्पेडोला मराठीत पाणतीर म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवाही आहे, कारण तीर एकदा सुटला की धनुष्याशी त्याचा संबंध संपतो. जड टॉर्पेडोचे तसे नसते. तो सुमारे सहा मीटर लांब आणि दीड टनाच्या घरातला असतो. ५३३ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून बाहेर पडताना तो मागे एक बारीक तार सोडत जातो. त्या तारेवरून पाणबुडीतला संगणक त्याला सूचना देत राहतो: डावीकडे वळ, वेग कमी कर, समोरचे ते लक्ष्य नव्हे, फसवा आवाज आहे. लक्ष्याजवळ पोचल्यावर टॉर्पेडोचा स्वतःचा सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्यातले लक्ष्य शोधणारे यंत्र, काम हाती घेतो. म्हणजे सोनार, संगणक, नळी, तार आणि टॉर्पेडो ही सगळी मिळून एकच यंत्रणा असते. यातले एक बदलले की बाकीची पुन्हा जुळवावी लागतात आणि समुद्रात डागून तपासावी लागतात.

ही जुळणी बिघडली की काय होते, ते १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या सान लुईस पाणबुडीने दाखवून दिले. पाणबुडी जर्मन बनावटीची आणि चांगली होती. ब्रिटिश आरमाराच्या जवळपास ती कित्येक दिवस लपून राहिली, टॉर्पेडो डागले, पण एकही लागला नाही. कधी तार तुटली, कधी नेमबाजीच्या संगणकाने दगा दिला. तिच्याकडचे टॉर्पेडो एसएसटी-४ जातीचे होते. त्याच घराण्यातला पुढचा टॉर्पेडो म्हणजे एसयूटी, आणि या प्रकरणात तो पुन्हा भेटणार आहे.

त्याच युद्धात ब्रिटनच्या काँकरर पाणबुडीने जनरल बेलग्रानो ही क्रूझर बुडवली, ती दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीतल्या जुन्या मार्क ८ टॉर्पेडोंनी. नवे टायगरफिश जवळ असूनही कॅप्टनने जुन्यावर भरवसा ठेवला. तेव्हा जुना टॉर्पेडो म्हणजे निकामी टॉर्पेडो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण बेलग्रानोवर हल्ला अगदी जवळून झाला होता आणि तिच्यापाशी आजच्या युद्धनौकांसारखी बचावाची साधने नव्हती.

आपल्यासाठी तर हा विषय पुस्तकी नाहीच. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या बाहेर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी टॉर्पेडोने बुडवली. जहाज काही मिनिटांत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाकिस्तान आज चीनकडून ज्या आठ पाणबुड्या घेतो आहे, त्या वर्गाला त्याने हंगोर हेच नाव दिले आहे.

माझगावचे हरवलेले हात

या प्रकरणाचे मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी डिसेंबरमध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील शहरात बांधायच्या, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये. आपले कारागीर आणि अभियंते जर्मनीला जाऊन शिकून आले. पाणबुडीचे वेल्डिंग हे साध्या जहाजासारखे काम नव्हे. शेकडो मीटर खोलीवरच्या दाबाखाली एका सांध्यातली केसाएवढी फट माणसांचा जीव घेऊ शकते, म्हणून प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासतात. हे हाताचे कौशल्य आहे. ते करत राहिले तरच टिकते.

१९८७ मध्ये या करारात दलाली दिली गेल्याचा आरोप पुढे आला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि काही दिवसांतच राजीनामा दिला. आणखी दोन पाणबुड्या माझगावात बांधायचा पर्याय होता, तो बासनात गेला. शाल्की १९९२ मध्ये आणि शंकुल १९९४ मध्ये नौदलात आली, आणि माझगावातले पाणबुडीचे काम थांबले. शिकून आलेले हात निवृत्त झाले, दुसरीकडे गेले, नाहीतर साध्या जहाजांच्या कामाला लागले. हार्बर लाईनवर डॉकयार्ड रोडला गाडी थांबली की माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात. त्या पाहिल्या की मला शंकुलनंतरची वर्षे आठवतात. दलाली कोणी खाल्ली हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. मेहनतीने कमावलेली विद्या मात्र नक्की गेली.

त्या चार पाणबुड्यांसाठी, म्हणजे शिशुमार वर्गासाठी, जर्मन एसयूटी टॉर्पेडो घेतले होते.

पाणबुडी एका फाईलवर, हत्यार दुसऱ्या

कारगिलच्या वर्षी, १९९९ मध्ये, सरकारने पाणबुडी बांधणीचा तीस वर्षांचा आराखडा मंजूर केला: २०३० पर्यंत २४ पाणबुड्या. त्यातला पहिला टप्पा म्हणजे प्रकल्प ७५. ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रेंच स्कॉर्पिन जातीच्या सहा पाणबुड्या, म्हणजेच आजचा कलवरी वर्ग, माझगाव डॉकमध्ये बांधायचा करार झाला. मूळ किंमत १८,७९८ कोटी रुपये होती, ती पुढे २३,५६२ कोटींवर गेली. पहिली पाणबुडी २०१२ अखेर मिळायची होती, ती डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. पहिली काही वर्षे तर आधीच्या खंडात गेलेले कौशल्य पुन्हा उभे करण्यात आणि सुट्या सामग्रीची खरेदी मार्गी लावण्यातच गेली.

पाणबुडीबरोबर एक्सोसे एसएम-३९ ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रे घेतली गेली. टॉर्पेडो मात्र त्या करारात नव्हते. त्यांच्यासाठी वेगळी निविदा, वेगळ्या चाचण्या, वेगळ्या वाटाघाटी. यामागचा विचार कागदावर बरोबरही होता. पाणबुडीवाल्याच्याच दुकानातून सगळे घ्यायचे म्हटले तर तो मागेल तो भाव द्यावा लागतो, स्पर्धा लावली तर भाव उतरतो. पण स्वतंत्र फाईलला स्वतंत्र नशीबही असते. पाणबुडीचे काम पुढे सरकते आहे की नाही, हे टॉर्पेडोच्या फाईलला ठाऊक नसते, आणि टॉर्पेडो अडकला आहे म्हणून पाणबुडीचे काम थांबत नाही. दोन्ही फायली एकाच टेबलावर ठेवून ‘नौदलात दाखल व्हायच्या दिवशी नळीत काय असेल’ हे विचारणारा, आणि त्याला उत्तर देणारा, एक जबाबदार माणूस या व्यवस्थेत नव्हता. माझ्या मते खरी खोट इथे आहे. पुढे जे घडले त्याने ती फक्त उघडी पडली.

स्पर्धेत इटलीच्या वासचा ब्लॅक शार्क आणि जर्मनीच्या अॅटलस इलेक्ट्रॉनिकचा सीहेक हे दोन मुख्य दावेदार होते. ब्लॅक शार्क निवडला गेला. जर्मन कंपनीने निवडीच्या प्रक्रियेवर तक्रार केली, तक्रारीची छाननी झाली आणि त्यात वेळ गेला. आपल्याकडे मोठ्या खरेदीत हरलेली कंपनी तक्रार करतेच, आणि प्रत्येक तक्रार तपासेपर्यंत सही करायची कोणाची छाती होत नाही. अधिकाऱ्यांना यात सरसकट दोष देणे मला पटत नाही. सही करणाऱ्याला वीस वर्षांनी चौकशीला बोलावतात. फाईल अडवून ठेवणाऱ्याला ती का अडवली म्हणून कोणीही विचारत नाही.

हेलिकॉप्टरचा फटका पाणबुडीला

आता प्रकरणात हेलिकॉप्टर येते. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी बारा एडब्ल्यू-१०१ हेलिकॉप्टर घेण्याचा सुमारे ३,६०० कोटींचा करार फेब्रुवारी २०१० मध्ये ऑगस्टा वेस्टलँडशी झाला होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिची मातृसंस्था फिनमेकानिकाचे प्रमुख ज्युसेप्पे ओर्सी यांना या व्यवहारातल्या लाचखोरीच्या आरोपावरून इटलीत अटक झाली. १ जानेवारी २०१४ रोजी भारताने करार रद्द केला. टॉर्पेडो बनवणारी वास ही त्याच फिनमेकानिकाची दुसरी कंपनी. हेलिकॉप्टरच्या व्यवहाराशी तिचा संबंध एवढाच की दोघींचा मालक एक. पण समूहाकडून नवी खरेदी करायची नाही असे धोरण ठरल्यावर टॉर्पेडोची फाईल गोठली.

एप्रिल २०१६ मध्ये मिलानच्या अपील न्यायालयाने ओर्सी यांना दोषी ठरवले आणि आपल्या संसदेत वादळ उठले. मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. म्हापशाचा हा आयआयटीयन अभियंता फायली स्वतः वाचणारा होता, नौदलाची गरज त्यांना कळत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढचे पर्याय मात्र दोन्ही वाईट होते. लाचखोरीच्या आरोपात अडकलेल्या समूहाशी त्याच महिन्यांत नवा करार करायचा, की पाणबुड्या जुन्या हत्यारांवर काढायच्या? टॉर्पेडोची निविदा रद्द झाली.

१ मे २०१६ रोजी कलवरी पहिल्यांदा समुद्र चाचण्यांसाठी मुंबईबाहेर पडली होती. तिच्यासाठी निवडलेले टॉर्पेडो त्याच उन्हाळ्यात कागदावरूनही गेले.

१४ डिसेंबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कलवरी नौदलात दाखल झाली. सडसष्ट मीटर लांबीची पाणबुडी, पुढे सहा नळ्या, एकूण अठरा हत्यारांची जागा. त्या नळ्यांसाठी आले ते शिशुमार वर्गाचे एसयूटी, डागडुजी करून, फ्रेंच संगणकाशी जुळवून घेतलेले. एचडीडब्ल्यूच्या वादग्रस्त खरेदीच्या काळातले हत्यार ऑगस्टा वेस्टलँडच्या वादामुळे नव्या पाणबुडीत चढले. मग खांदेरी (२०१९), करंज आणि वेला (२०२१), वागीर (२०२३) आणि शेवटी १५ जानेवारी २०२५ रोजी वाघशीर. खांदेरी हे अलिबागजवळच्या महाराजांच्या जलदुर्गाचे नाव. प्रत्येक नाव पुकारले गेले तेव्हा ऊर भरून आला, यात खोटे काही नाही. माझगावच्या कामगारांनी हरवलेली विद्या पुन्हा मिळवली. पण तेच जुने एसयूटी आता शिशुमार आणि कलवरी अशा दोन वर्गांत वाटले जाऊ लागले.

पाणबुडीच्या कॅप्टनला याचा अर्थ अंतरात मोजावा लागतो. एसयूटीचा कमाल वेग ३५ नॉटच्या (म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या) आसपास, पल्ला तीस किलोमीटरच्या आत, आणि पूर्ण वेगाने पळवला तर त्याहून बराच कमी. ब्लॅक शार्कचा वेग उत्पादकाच्या सांगण्यानुसार ५० नॉट, पल्ला ५० किलोमीटरच्या घरात. टॉर्पेडोच्या दिशेने फसवे आवाज सोडून तीस नॉटने पळ काढणारी युद्धनौका गाठायची तर ३५ नॉटच्या हत्याराला ती अगदी जवळ यावी लागते. म्हणजे कॅप्टनला आपली पाणबुडी शत्रूच्या सोनारच्या आणि हेलिकॉप्टरच्या टप्प्यात न्यावी लागते. स्कॉर्पिनचे मोल तिच्या शांतपणात आहे, ते तिथे पणाला लागते. आत त्रेचाळीस जणांच्या आसपास माणसे असतात. त्यांतल्या अनेकांची घरे कुलाब्याच्या नेव्हीनगरात आहेत.

पैसा नव्हता का?

संरक्षण खर्चाची चर्चा आपल्याकडे फार लवकर ‘तरतूद अपुरी’ या वाक्यावर येऊन थांबते. ते वाक्य अनेकदा खरे असते, इथे खरे नाही. २०२५-२६ चा संरक्षण अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटींचा, त्यात भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी. टॉर्पेडोंचे १,८९६ कोटी म्हणजे एका वर्षाच्या भांडवली तरतुदीचा जेमतेम शंभरावा हिस्सा, आणि तोही काही वर्षांत वाटून द्यायचा. पाणबुड्यांच्या किमतीशी तोलले तरी आठ टक्क्यांच्या आसपास. पैसा होता, हत्यार निवडलेले होते, पाणबुडी तयार होत होती. नव्हता तो निर्णय.

मुद्दा बंदीच्या रीतीचा आहे. बोफोर्सच्या ४१० तोफा १९८६ मध्ये घेतल्या आणि त्यानंतर नवी परदेशी तोफ भारतात यायला २०१७ उजाडले. मधल्या तीस वर्षांत एकामागून एक तोफा बनवणाऱ्या कंपन्या काळ्या यादीत जात राहिल्या, आणि कारगिलला त्याच बदनाम बोफोर्सने तोलोलिंग आणि टायगर हिलवर काम केले. एखाद्या कंपनीने लाच दिली तर तिला आर्थिक दंड करा, हमीची रक्कम जप्त करा, लाच घेणाऱ्या आपल्या माणसावर खटला चालवा आणि तो निकाली काढा. हे सगळे सोडून आपण ‘तुमच्याकडून घेणारच नाही’ एवढेच म्हणत राहिलो. विक्रेत्याला दुसरी गिऱ्हाइके मिळतात. पाणबुडीला दुसरे आरमार नसते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये मंत्रालयाने यासंबंधी नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि कोणत्या गैरप्रकाराला किती काळाची बंदी, दंड कुठे, याची चौकट घातली. हे फार आधी व्हायला हवे होते, पण झाले ते चांगलेच. इटलीत तोवर प्रकरणाचे रूप बदलले. २०१८ मध्ये मिलानच्या न्यायालयाने ओर्सी यांची निर्दोष सुटका केली, २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. भारतातला खटला वेगळा आहे, इटलीच्या निकालाने तो आपोआप मिटत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये भारताने अटी घालून समूहावरचे निर्बंध उठवले. फिनमेकानिकाचे नाव तोवर लिओनार्दो झाले होते, आणि वास पुढे फिनकांतिएरी या जहाजबांधणी समूहाकडे गेली. टॉर्पेडोचा वंश मात्र तोच.

स्वदेशी टॉर्पेडो का नाही, हा प्रश्न योग्य आहे. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेने बनवलेला वरुणास्त्र २०१६ मध्येच पर्रीकरांच्या उपस्थितीत नौदलाकडे सुपूर्द झाला. पण तो मुख्यतः जहाजावरून डागायचा. पाणबुडीसाठीचा विद्युत जड टॉर्पेडो डीआरडीओ विकसित करते आहे. तो स्कॉर्पिनवर बसवण्यासाठी ३० डिसेंबर २०२४ रोजी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी करार झाला, ८७७ कोटींचा. या आकड्यापाशी जरा थांबा. टॉर्पेडो आपला, पाणबुडी माझगावात बांधलेली, पण तिचा युद्धसंगणक फ्रेंच. त्याच्या आतल्या आज्ञावलीला हात लावायचा अधिकार आपल्याकडे नाही, म्हणून आपलेच हत्यार आपल्याच पाणबुडीत बसवायला ८७७ कोटी मोजावे लागतात. २००५ च्या करारात ही मुभा मागून घेतली असती तर तेव्हा भाव करायची ताकद आपल्या हातात होती. सहा पाणबुड्यांची मागणी नोंदवणारे गिऱ्हाईक मागेल ते मिळवू शकते. पाणबुड्या बांधून झाल्यावर तीच गोष्ट विकणाऱ्याच्या दराने घ्यावी लागते.

४८ टॉर्पेडो सहा पाणबुड्यांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला आठ येतात, जागा अठरांची आहे. उरलेली जागा क्षेपणास्त्रे आणि पुढे स्वदेशी टॉर्पेडो भरतील असा हिशेब दिसतो, आणि स्वदेशी टॉर्पेडो वेळेवर आला तर तो चांगला हिशेब आहे. पुरवठा सुरू होईल तेव्हा कलवरीला नौदलात दहा वर्षे चार महिने झालेले असतील.

आता पुढची खरेदी दारात आहे. प्रकल्प ७५ (आय) च्या सहा पाणबुड्या, बांधणी पुन्हा माझगाव डॉकमध्ये, भागीदार जर्मनीची थिसेनक्रूप मरीन सिस्टिम्स. १९८७ च्या वादात सापडलेली कीलची ती एचडीडब्ल्यू आता याच कंपनीचा भाग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्याशी वाटाघाटी सुरू झाल्या. या पाणबुड्यांचे टॉर्पेडो कोणाचे, ते कोणत्या तारखेला येणार आणि स्वदेशी टॉर्पेडो जोडायची मुभा कराराच्या कोणत्या कलमात आहे, हे प्रश्न खासदारांनी, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने आणि आपण वाचकांनीही सही होण्याआधी विचारायचे आहेत. सही एकदा झाली की पुढची उत्तरे विक्रेता देतो.